कवटीबाहेरचा हिशेब

"डॉक्टर, गाठ पूर्ण निघाली ना?"

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की विचारणाऱ्यांचे चेहरे आता एकमेकांत मिसळून गेलेत. मी मास्क खाली ओढत बाहेर यायचो, "निघाली" म्हणायचो, आणि सकाळपासून बाकावर अवघडून बसलेली चार-सहा माणसं एकदम सैल व्हायची. कुणी हात जोडायचं, कुणी कोपऱ्यात जाऊन गावी फोन लावायचं, एखादी म्हातारी आई डोळे मिटून कुलदैवताचं नाव घ्यायची. मी खोटं बोलत नसे. गाठ निघालेलीच असे. पण त्यांनी ऐकलेलं असायचं की कॅन्सर गेला, आणि मी सांगितलेलं असायचं की डोक्यातली ही एक गाठ गेली. या दोन वाक्यांमधल्या फटीत रुग्णाचं उरलेलं सगळं आयुष्य बसतं. हे पुस्तक त्या फटीबद्दल आहे.

लेखक माझे एकेकाळचे विद्यार्थी. त्यांनी हस्तलिखित पाठवलं तेव्हा मी जरा कुरकुरलोच. म्हटलं, डॉक्टर लोक हे इंग्रजीत वाचतात. मराठीत कोण वाचणार? ते म्हणाले, "सर, बाकावर बसलेले वाचतील." त्यानंतर प्रस्तावनेला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

विषय आधी नीट मांडतो, कारण इथेच पहिला घोळ होतो. मेंदूतच जन्मलेल्या गाठी वेगळ्या. इथे बोलतोय ते दुसरीकडून आलेल्या गाठींबद्दल : कॅन्सर मूळचा फुप्फुसातला, स्तनातला, किडनीतला, मोठ्या आतड्यातला किंवा मेलॅनोमा नावाचा त्वचेचा, आणि त्याच्या पेशी रक्तातून वाहत मेंदूत येऊन रुजलेल्या. पाठ्यपुस्तकांत त्याला भारदस्त प्रतिशब्द आहेत, पण ते वापरताना मी कुणाला ऐकलं नाही. ओपीडीत आम्ही 'ब्रेन मेट' म्हणतो आणि नातेवाईक म्हणतात, "कॅन्सर डोक्यात गेला." मराठीत एखादा माणूस डोक्यात जातो तेव्हा तो फक्त त्रास देतो. हा त्यापुढचा प्रकार.

या पेशी मेंदूत कुठेही पडत नाहीत. मेंदूचा करडा थर आणि आतला पांढरा भाग जिथे भेटतात तिथे रक्तवाहिन्या एकदम अरुंद होतात; वाहत आलेला पेशींचा पुंजका तिथेच अडकतो. दहातल्या साधारण आठ गाठी मोठ्या मेंदूत, उरलेल्यांतल्या बहुतेक लहान मेंदूत, थोड्या मेंदूच्या खोडात. पण अडकलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने 1889 साली, स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी चाळून म्हटलं होतं की बी वाऱ्यावर सगळीकडे जातं, उगवतं मात्र मानवेल त्या जमिनीतच. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ओपीडीत मी ही बी-जमिनीची गोष्ट सांगायचो तेव्हा शहरातला इंजिनिअर मुलगा गोंधळायचा आणि धोतरातले वडील मान हलवायचे.

आता त्या गाठीकडे जवळून बघू. कवटीचं झाकण बाजूला ठेवलं, मेंदूवरचं जाड आवरण कापून उलटवलं, की मेंदू दिसतो. आणि आत गाठ असेल तर तो बऱ्याचदा ठोके देत नसतो. निरोगी मेंदू नाडीबरोबर हलका वरखाली होतो. सुजलेला मेंदू फुगून ताठ बसलेला असतो, त्याच्या वळ्या चपट्या झालेल्या असतात. पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर खाली गेलं की पोत बदलतो, आणि ही गाठ सर्जनवर एक उपकार करते : मेंदूत जन्मलेल्या ग्लायोमासारखी ती सगळीकडे मुळं पसरून बसलेली नसते, आजूबाजूच्या मेंदूला ढकलून आपली जागा करून राहिलेली असते. गाठ आणि मेंदू यांच्यामध्ये सूज आल्यामुळे मऊ झालेला एक पदर असतो. त्या पदरात शिरून, कापसाच्या ओल्या पट्ट्या सरकवत, चारी बाजूंनी ती मोकळी करत आणायची. शेवटचा धागा सुटला आणि गाठ वाटीत पडली, की मिनिटा-दोन मिनिटांत मेंदू खाली बसतो आणि पुन्हा हलायला लागतो. तीस वर्षं हे पाहिलं, तरी तो पहिला ठोका दिसेपर्यंत मी श्वास रोखून धरलेला असायचा.

त्या क्षणी सर्जनला वाटतं की आपण जिंकलो. तेही साहजिक आहे. पण पुढे हा माणूस किती जगणार, हे त्या वाटीतल्या ऐवजावर फार थोडं अवलंबून असतं. बाकीचा हिशेब कवटीबाहेर झालेला असतो, बऱ्याचदा रुग्ण आमच्यापर्यंत पोचण्याआधीच.

हे कळायला वैद्यकालाही वेळ लागला. मेंदूत पसरलेला कॅन्सर म्हणजे स्टिरॉइड द्या, सगळ्या डोक्याला रेडिएशन द्या आणि घरी पाठवा, अशी रीत अनेक वर्षं होती. 1990 मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांनी एक छोटा पण काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूत एकच गाठ असलेले 48 रुग्ण. निम्म्यांची गाठ काढून मग रेडिएशन, बाकीच्यांचा फक्त तुकडा तपासून रेडिएशन. गाठ काढलेल्यांचा जगण्याचा मध्यक 40 आठवडे निघाला, दुसऱ्या गटाचा 15. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला त्याच्या शेजारचा आकडा जास्त मोलाचा वाटतो : स्वतःचं स्वतः करत राहण्याचा काळ पहिल्या गटात 38 आठवडे होता, दुसऱ्यात 8. पंधरा आठवड्यांतले आठ आपल्या पायावर, चाळीसमधले अडतीस.

तीन वर्षांनी नेदरलँड्समधून 63 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही ऑपरेशनवाले पुढे, 10 महिने विरुद्ध 6. पण त्यांनी आकडे फोडून पाहिले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. ज्यांचा बाकी शरीरातला कॅन्सर ताब्यात होता, त्यांना ऑपरेशनने 7 महिन्यांचे 12 महिने दिले. ज्यांचा तो वाढत होता, ते दोन्ही गटांत 5 महिनेच जगले. गाठ काढा अगर ठेवा. मग 1996 मध्ये कॅनडातून 84 रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यात ऑपरेशनचा काहीच फायदा दिसला नाही : 5.6 महिने विरुद्ध 6.3. आमच्यातले काही जण तेव्हा चिडले होते. पण त्या प्रयोगात जास्त खचलेल्या रुग्णांनाही प्रवेश होता आणि अनेकांचा आजार शरीरभर पसरलेला होता. हे तीन अभ्यास एकमेकांच्या विरोधात आहेत असं शिकवलं जातं. मला ते एकच गोष्ट तीन सुरांत सांगताना दिसतात.

तेव्हा पहिला घटक हा : मूळ कॅन्सर आणि मेंदूबाहेरचा पसारा ताब्यात आहे का. डोक्याच्या एमआरआयकडे टक लावून बसलेल्या घराला मी पहिला प्रश्न छातीच्या आणि पोटाच्या स्कॅनबद्दल विचारायचो, तेव्हा त्यांना वाटायचं डॉक्टरांनी चुकून दुसऱ्याची फाईल उघडली.

दुसरा घटक म्हणजे रुग्णाची चालती-फिरती अवस्था, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. डेव्हिड कार्नोफ्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1940 च्या दशकाच्या अखेरीस, नायट्रोजन मस्टर्ड हे औषध फुप्फुसाच्या कॅन्सरवर वापरताना, रुग्ण 'बरा वाटतो' म्हणजे नेमका किती, हे लिहून ठेवण्यासाठी एक मोजपट्टी केली. शंभर म्हणजे काही तक्रार नाही, शून्य म्हणजे मृत्यू, मध्ये दहा-दहाच्या पायऱ्या. सगळा खेळ सत्तरच्या उंबरठ्यावर असतो. सत्तर म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, संडास स्वतःचं स्वतः. पण दुकानात बसणं किंवा शेतावर जाणं जमत नाही. साठ म्हणजे अधूनमधून कुणीतरी हात द्यावा लागतो. 1997 मध्ये अमेरिकेत तीन जुन्या प्रयोगांतले 1,200 रुग्ण एकत्र करून त्यांची वर्गवारी केली गेली, तेव्हा सगळ्यांत मोठी फट याच उंबरठ्यावर पडली. सत्तरच्या खाली असलेल्यांचा मध्यक 2.3 महिने. सत्तर किंवा वर, शिवाय वय 65 च्या आत, मूळ आजार ताब्यात आणि इतरत्र पसारा नाही, अशांचा 7.1 महिने. मधल्यांचा 4.2. हे सगळे रेडिएशनवरचे आणि जुन्या काळातले आकडे आहेत, आजचे नव्हेत. पण त्यांचा उतार आजही तसाच आहे.

हा आकडा काढायला कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त विचारावं लागतं, आणि आपल्या घरांत तेच अवघड. बायको म्हणते, "नाही हो, सगळं मीच करते, त्यांना उठूच देत नाही." म्हणजे माणूस ऐंशीचा असून प्रेमापोटी पन्नासवर आणून ठेवलेला. उलट, ऑपरेशन व्हावंच अशी आस असलेला मुलगा सांगतो, "बाबा सगळं स्वतः करतात," आणि बाबांच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली असतात. म्हणून मी रुग्णालाच म्हणायचो, चला, दारापर्यंत जाऊन या. खुर्चीतून उठताना तो हात कुठे टेकतो, चप्पल पायात सरकवताना डावा पाय मागे राहतो का, वळताना भिंत धरतो का, हे पाहिलं की अर्धी तपासणी झाली.

पण सत्तरच्या खालचा प्रत्येक जण सारखा नसतो, आणि वर्गवारीचे तक्ते इथे आंधळे होतात. एकाचा पन्नास लहान मेंदूतल्या चार सेंटिमीटरच्या गाठीने चाल बिघडवल्यामुळे आलेला असतो. दुसऱ्याचा पन्नास यकृत आजाराने भरल्यामुळे, वजन वीस किलोने उतरल्यामुळे आलेला. पहिल्याचा आकडा ऑपरेशनने वर जातो. दुसऱ्याचा कशानेच नाही. दोघांना वेगळं ओळखायची एक साधी युक्ती आमच्या हातात आहे : डेक्सामेथासोन. हे स्टिरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवतं, हे 1961 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून या रुग्णांचे पहिले दोन दिवस बदलून गेले. काल ज्याला बायकोचं नाव आठवत नव्हतं तो आज सकाळी चहात साखर कमी आहे म्हणून भांडतो. असा उठून बसला तर समजायचं की दोष सुजेचा होता, आणि ऑपरेशनचा उपयोग होईल. चार दिवसांत काहीच फरक नाही, तर सुरी हातात घेण्याआधी दहादा विचार करायचा.

या औषधाचं एक दुखणं मात्र आहे. इतका फरक पडतो की घरचे म्हणतात, "आता बरे झालेत, ऑपरेशन कशाला?" आणि गोळ्या चालू ठेवून गावी घेऊन जातात. दीड-दोन महिन्यांनी परत येतात तेव्हा चेहरा सुजून गोल झालेला, साखर तीनशेवर, आणि मांड्यांत ताकद नाही. खुर्चीतून कसेबसे उठतात, जमिनीवरून अजिबात नाही. आपल्याकडे ज्याला जमिनीवरून उठता येत नाही त्याचं जेवणाचं पान वेगळं पडतं, देवापुढे बसणं थांबतं. गाठीने न गेलेले गुण औषधाने गेलेले असतात.

वयाबद्दल थोडक्यात : तरुण जास्त जगतात, पण नुसत्या जन्मतारखेवरून कुणाला नाकारू नये. सत्तरीतल्या काटक माणसांनी मला अनेकदा खोटं पाडलं आहे.

गाठींची संख्या. एक असेल तर बरं, हे उघड आहे. अनेक असतील तर ऑपरेशन करूच नये, असा जुना दंडक होता. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधून 1993 मध्ये आलेल्या एका लहान अभ्यासाने त्याला तडा दिला. अनेक गाठी होत्या पण सगळ्या काढल्या, अशांचा मध्यक 14 महिने निघाला, एकच गाठ असलेल्यांइतकाच. एखादी जरी मागे ठेवली, त्यांचा 6 महिने. अर्थात सगळ्या काढता येण्याजोग्या होत्या म्हणूनच त्या काढल्या गेल्या, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याकडे पुन्हा येतो.

जागेचा आणि हाताच्या कौशल्याचा परिणाम आहेच. बोलण्याच्या किंवा हातपाय हलवण्याच्या केंद्राशेजारची गाठ काढताना ते केंद्र दुखावलं, तर रुग्ण ऐंशीवरून पन्नासवर येतो, अंथरुणाला खिळतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, केमोथेरपी लांबते, आणि काढलेल्या गाठीने मिळवलेलं सगळं तिथेच खर्च होतं. लहान मेंदूतली गाठ तुकड्या-तुकड्याने काढली तर पेशी पाण्यात सांडून मेंदूच्या आवरणांवर पसरण्याचा धोका वाढतो. म्हणून जमेल तिथे ती अख्खी, कवच न फोडता बाहेर आणायची. मी शिकत होतो तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. गाठ चोखून काढायच्या यंत्राचं आम्हाला नवं अप्रूप होतं, आणि भरभर चोखून मोकळं होण्यात शौर्य वाटायचं. त्यातल्या काही रुग्णांची आठवण अजून सलते.

आणि गाठ काढून झाली, की ती जिथे होती त्या पोकळीचं काय? कडेला चार पेशी राहतातच. 1998 मध्ये पॅचेल यांनीच 95 रुग्णांवर पुढचा प्रयोग केला : ऑपरेशननंतर संपूर्ण मेंदूला रेडिएशन द्यायचं की नुसतं लक्ष ठेवायचं. न दिलेल्यांत 70 टक्क्यांमध्ये मेंदूत आजार परतला, दिलेल्यांत 18 टक्क्यांमध्ये. एवढा फरक, आणि तरीही दोन्ही गट जवळपास सारखेच जगले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचलं होतं. मेंदूतला आजार रोखला आणि आयुष्य तेवढंच? उत्तर पुढच्या ओळीत होतं. रेडिएशन न घेतलेल्यांपैकी दगावलेल्यांत 44 टक्के मेंदूच्या कारणाने गेले, घेतलेल्यांत 14 टक्के. बाकीचे शरीरातल्या पसरलेल्या आजाराने गेले. किती जगणार हे बदललं नाही. कसं जाणार हे बदललं. फेपरं, बेशुद्धी आणि माणसं न ओळखणं यांतून जाण्यापेक्षा शेवटपर्यंत शुद्धीत असणं, हा फरक जगण्याच्या तक्त्यात दिसत नाही. घरात दिसतो.

पण संपूर्ण डोक्याला दिलेल्या रेडिएशनची, लोकांच्या भाषेत 'लाईट'ची, किंमत स्मृतीला मोजावी लागते. म्हणून आता फक्त त्या पोकळीवर नेमकेपणाने एकवटून किरण देतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, 194 रुग्णांच्या एका मोठ्या प्रयोगात दोन्ही पद्धतींत जगण्याचा मध्यक वर्षाच्या आसपासच राहिला, पण सहा महिन्यांनी संपूर्ण-मेंदूवाल्यांपैकी 85 टक्क्यांची बुद्धी घसरलेली होती आणि पोकळीवाल्यांपैकी 52 टक्क्यांची. हे आता चांगल्या केंद्रांत रुळलं आहे. त्यासाठी वेळेवर एमआरआय आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी लागते, आणि इथे आपला भूगोल आडवा येतो. परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून उभं आहे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णांची सोय होते; तरी नांदेड-परभणीच्या माणसाला 'तीन महिन्यांनी दाखवायला या' हे वाक्य म्हणजे दोन माणसांची मजुरी, रेल्वेचं रिझर्व्हेशन आणि पेरणी यांचा मेळ घालणं असतं. फेरी चुकते, आणि पुढच्या खेपेला रुग्ण स्ट्रेचरवर येतो. कुठल्याही आंतरराष्ट्रीय तक्त्यात 'घरापासूनचं अंतर' असा रकाना मी पाहिला नाही.

आता त्या वाटीकडे परत येतो. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून बरणी नातेवाइकांच्याच हातात देतात : खालच्या मजल्यावर पॅथॉलॉजीत नेऊन द्या, पावती आणा. मुलगा दोन्ही हातांनी ती बरणी धरून जिन्याने उतरतो. त्याला ठाऊक नसतं, पण वडिलांच्या आयुष्याचा सगळ्यांत मोठा निर्णय बहुधा त्याच्या हातातच असतो.

एक तर ती गाठ कॅन्सरच आहे का, हे तिथे ठरतं. पॅचेल यांच्या पहिल्या प्रयोगात स्कॅनवर हमखास 'ब्रेन मेट' वाटलेल्या 54 पैकी 6 जणांची गाठ वेगळीच निघाली होती. ते अमेरिकेत. आपल्याकडे क्षयाच्या गाठी आणि फितीच्या जंताच्या अळ्या मेंदूत अगदी तसंच, कडा उजळलेलं वर्तुळ दाखवतात. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या एका बाईंच्या मेंदूत अशी गाठ दिसली. घरच्यांनी मनाची तयारी केली, लांबच्या बहिणींना बोलावून घेतलं, दागिने वाटून झाले. रिपोर्ट क्षयाचा आला. गोळ्या पूर्ण करून त्या बऱ्या झाल्या, आणि वाटलेल्या बांगड्यांवरून पुढे घरात जे रामायण झालं ते त्या दर वेळी हसत सांगायच्या.

आणि कॅन्सरच असेल, तर कुठल्या वाणाचा, हे गेल्या वीस वर्षांत सगळ्यांत वजनदार झालं आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असेल तर रोजच्या गोळ्यांनी आजार आटोक्यात राहतो, आणि त्यातल्या नव्या गोळ्या मेंदूतही पोचतात. ईजीएफआरचा बदल युरोपीय रुग्णांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो. याच गटातल्या 350 रुग्णांवरचा टाटा मेमोरियलचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला : गोळीला केमोथेरपीची जोड दिली तर आजार थोपून राहण्याचा काळ 8 महिन्यांवरून 16 वर गेला. मेंदूत गाठी असलेले रुग्णही त्यात घेतलेले होते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू, मेलॅनोमात इम्युनोथेरपी, अशाच गोष्टी. 2017 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी जी नवी गुणपद्धत आली, तिच्यात वय, चालती अवस्था, बाहेरचा पसारा आणि गाठींची संख्या यांच्या पंगतीला जनुकं येऊन बसली. अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात सगळ्यांत खालच्या गटाचा मध्यक 6.9 महिने निघाला आणि सगळ्यांत वरच्या गटाचा 46.8. मी शिकत होतो तेव्हा या रुग्णाबद्दल कुणी 'चार वर्षं' म्हटलं असतं तर त्याला वॉर्डमधून बाहेर काढलं असतं.

त्यातही एक मेख आहे. 2015 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी 86 रुग्णांच्या मूळ गाठी आणि मेंदूतल्या गाठी शेजारी ठेवून तपासल्या. निम्म्याहून अधिक रुग्णांत मेंदूतल्या गाठीत असे जनुकीय बदल सापडले की ज्यांवर औषधाचा विचार करता येईल, पण जे मूळ गाठीच्या तुकड्यात दिसलेच नव्हते. म्हणजे घरातून बाहेर पडलेलं पोर परगावी जाऊन वेगळंच वळण घेतं, तसं. म्हणून जुन्या रिपोर्टवर न थांबता बरणीतल्या तुकड्याची चाचणी नव्याने मागायची. आणि रिपोर्ट येईपर्यंत तो तुकडा ज्यांत बसवतात ते मेणाचे ठोकळे सांभाळून ठेवायचे; ते रुग्णाची मालमत्ता आहेत.

आता मध्यक या शब्दाबद्दल, कारण हे पुस्तक त्याने भरलेलं आहे. मध्यक 10 महिने म्हणजे शंभरातले पन्नास त्याआधी गेले आणि पन्नास त्यानंतरही होते. त्यानंतरचे किती काळ होते, हे तो सांगत नाही. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये पोटातल्या मेसोथेलिओमाचं निदान झालं, ज्याचा मध्यक तेव्हा 8 महिने होता. ते वीस वर्षं जगले, आणि मध्यकाकडे कसं पाहू नये यावर त्यांनी लिहिलेला निबंध आजही रुग्णांना वाचायला देतात. त्या निबंधाचं कौतुक करणारे शेवटचा भाग सांगत नाहीत : 2002 मध्ये ते गेले ते त्या कॅन्सरने नव्हे, फुप्फुसाच्या दुसऱ्याच कॅन्सरने, जो मेंदूत पोचलेला होता. मी दोन्ही भाग सांगतो. ज्याला फक्त पहिला ऐकायचा असेल त्याला तो हक्क आहे.

आणि मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. या पुस्तकातले बरेच तक्ते ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे आहेत. ऑपरेशनला कुणाला घ्यायचं हे आम्हीच ठरवलेलं असतं, आणि आम्ही ठणठणीत माणसं निवडतो. पंढरीला पायी पोचलेल्या वारकऱ्यांची प्रकृती मोजली तर ती गावातल्या सरासरीपेक्षा चांगलीच भरेल. त्यावरून पायी गेल्याने दमेकरी बरा होतो असं म्हणता येणार नाही. ज्याला चालवत नव्हतं तो निघालाच नाही. सर्जनांनी छापलेला प्रत्येक देखणा आकडा वाचताना हे मनात असू द्यावं, माझे स्वतःचे आकडेही त्यात आले. लेखकाने हे तिसऱ्या प्रकरणात कबूल केलं आहे, पण जरा हळू आवाजात. मी असतो तर मुखपृष्ठावर छापलं असतं.

एका गोष्टीवर माझं आणि लेखकाचं जमलं नाही. त्यांना वाटतं की आकडे रुग्णालाच आधी सांगावेत. माझा अनुभव असा की आधी विचारावं, किती ऐकायचंय? एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला महिने विचारलेच नाहीत. गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला खेटून होती. त्यांनी विचारलं, "मला वाचता येईल ना?" त्यांना आम्ही जागं ठेवून ऑपरेशन केलं, गाठीच्या त्या कडेशी काम चालू असताना समोर भूलतज्ज्ञ चित्रं दाखवत होते आणि मास्तर नावं सांगत होते. एका ठिकाणी 'छत्री' म्हणता म्हणता अडखळले. मी तिथे हात थांबवला आणि पातळसा पापुद्रा मागे ठेवला. बाहेर आल्यावर मुलाने तोच प्रश्न विचारला, पूर्ण निघाली ना? मी म्हटलं, नाही, थोडी ठेवली. त्याचा चेहरा पडला. मास्तर नंतर अकरा महिने होते, आणि दहा महिने रोज पेपर वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेनने खुणा करत होते.

पुस्तक कसं वाचावं, तेवढं सांगून थांबतो. फॅमिली डॉक्टरांनी सुरुवातीपासून वाचावं; स्टिरॉइडचं प्रकरण दोनदा. बाकावर बसलेल्यांनी थेट पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करावी, तिथे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आहेत, आणि ते कागदावर लिहून न्यावेत, कारण आत गेल्यावर सगळं विसरायला होतं. आणि येताना स्कॅनची सीडी आणा. नुसता रिपोर्ट नको. चित्र बघावं लागतं.